आळीचा बाऊ

१

बर्नार्ड तांडेलाला डोकी मोजायची सवय होती. चाळीस वर्षं होडी चालवली. बंदर सोडताना खलाशी मोजायचे, परत लागताना मोजायचे. गेले तेवढे आले की मग मासळीकडे बघायचं, आधी नाही. पुढे गुडघे गेले, होडी पोराच्या हातात गेली, पण सवय काही गेली नाही. मिस्साला बसला तरी पुढच्या बाकांवरची डोकी मोजायचा. फादर बोलत असायचे आणि ह्याचं आपलं चाललेलं, बारा, तेरा, चौदा.

दुसरी एक गोष्ट होती, ती आळीबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. बर्नार्ड आळीचा बाऊ होता.

पाचूबंदरातल्या त्या आळीचा धक्का घरांपासून वीस पावलांवर. बारा पायऱ्या, थेट पाण्यात. अमावास्या-पुनवेला उधाण येतं ते भर दुपारी. त्या वेळी बाप्ये समुद्रावर, बाया बाजारात, म्हातारे जेवून आडवे. पोरांकडे बघायला कोणी नाही. म्हणून जुन्या माणसांनी सोय करून ठेवली होती: आळीतल्या एका म्हाताऱ्याने बाऊ व्हायचं. तोंडाला तव्याची काजळी, डोक्यावरून जुनं पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, त्यात अडकवलेलं शेवाळ, हातात पत्र्याचा डबा. खडकांमागून, पाण्याच्या बाजूने यायचं. डबा बडवायचा, ओरडायचं. पोरं किंचाळत घराकडे सुटली की मागून मोजायची. सगळी आत गेली की काम संपलं.

बाऊने तोंड दाखवायचं नाही, हा एकच नियम. पोर आठ वर्षांचं झालं की आई त्याच्या कानात सांगायची, बाऊ कोण ते. मग ते पोर मोठं झालं. ते धाकट्यांना कधी सांगायचं नाही.

बावीस वर्षं बर्नार्डने हे केलं. ताप असताना केलं. बायको वारली त्या आठवड्यात उधाण होतं, तेव्हाही केलं. बावीस वर्षांत आळीतलं एक पोर पाण्यात गेलं नाही.

ह्या मे महिन्यात त्याला कामावरून काढलं.

२

काढलं ते जागृती मॅडमने. तिकडे एव्हरशाईनच्या इमारतींत राहणारी, चष्मेवाली, बोलायला गोड. दर शनिवारी स्कूटरवर पुस्तकांची पिशवी घेऊन यायची आणि धक्क्याजवळच्या लिलावाच्या शेडमध्ये चटई टाकून आळीतल्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायची. फुकट. पोरं तिच्यावर जीव टाकायची. आयांनाही ती पटली. बर्नार्डची सून लिडिया तर म्हणाली, "पप्पा, बाकीच्या मुलांना ह्याचे हजारो रुपये लागतात."

मग एक दिवस कोणीतरी मॅडमला बाऊचं सांगितलं. मॅडम थेट बर्नार्डच्या ओटीवर आली.

"काका, मुलांच्या मनात एकदा भीती बसली ना, की ती आयुष्यभर राहते."

"ऱ्हायलाच पायजे. तेवढ्यासाठीच बसवली ती."

"पण राक्षस नसतातच ना काका!"

"नसतात तर पुस्तकात कशाला काढलेत?"

मॅडम हसली. तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय. बर्नार्ड आयुष्यात गंमत करणारा माणूस नव्हता.

"पुस्तकातले राक्षस वेगळे असतात, काका. ते मित्र असतात. म्हणजे मुलांची भीती जाते."

"आनि भीती गेल्यावर पोर जाईल ते? ते कोन आनून देईल, तुमी?"

लिडिया आतून ओरडली, "पप्पा!" आणि विषय संपला. आयांनी बसून ठरवलं: बाऊ बंद. पाण्याचा धोका मुलांना प्रेमाने समजावून सांगायचा.

त्या संध्याकाळी सहा वर्षांची नात, रोझलीन, पुस्तकं घेऊन त्याच्या खाटेवर चढली. आजीचं नाव तिला ठेवलेलं, आजीसारखीच हट्टी. वाचता दोघांनाही धड येत नव्हतं. तो तिसरी नापास, ती बालवाडी पास. चित्रं बघून ती सांगायची आणि तो ऐकायचा.

पहिल्या पुस्तकात एक पिशाच होतं. काळा झगा, दोन सुळे.

"हा पहिला रक्त प्यायचा, आजा. पण त्याला ते आवडायचं नाय. आता तो टोमॅटोचं सार पितो."

"कोन सांगतं असं?"

"तोच सांगतो."

"मग झालं. तोच सांगतो म्हटल्यावर!"

दुसऱ्या पुस्तकात पाण्यात राहणारा एक केसाळ गोळा. त्याला मित्र नसतात म्हणून तो रडत असतो. मग एक मुलगी काठावर बसून त्याला म्हणते, "ये, बस, खाऊ घे." तो येतो, बसतो, खाऊ घेतो. मग मुलीला आपल्या घरी बोलावतो, पाण्याखाली. तिथे दिवे असतात, केक असतो, मासे नाचत असतात. शेवटच्या पानावर सगळे गोल करून झोपलेले.

बर्नार्डने ते पान उलटून बघितलं. मागे काही नव्हतं, नुसतं पिवळं पुठ्ठ्याचं पान.

"मग ती पोर परत घरी कवा येते?"

"संपलं, आजा."

"परत येत नाय?"

"आजा, संपलं ना!" रोझलीन वैतागली. "तुला गोष्टच कळत नाय."

३

बुधवारी अमावास्या होती. बारा वाजता पाणी भरत आलं आणि बर्नार्ड ओटीवर हात बांधून बसला. लिडिया बाजारात. पोरगा मेलरॉय होडी घेऊन चार दिवसांसाठी गेलेला. ऊन असं की पत्र्यावर टाकलेले बोंबील खुळखुळत होते.

आळीतली पोरं धक्क्यावर गेली. आरडाओरडा नाही, पळापळ नाही. तिसऱ्या पायरीवर रांगेत बसली, पाय पाण्यात सोडून. कोणी बिस्किट मोडून पाण्यात टाकत होतं, कोणी चिवडा. आणि मिस्साला म्हणतात तसं सगळी एका सुरात म्हणत होती, "ये, बस, खाऊ घे. ये, बस, खाऊ घे."

बर्नार्डने मोजली. आठ. बरोबर.

तरी तो पाणी उतरेपर्यंत हलला नाही. मनात म्हणाला, मला नाही ना विचारत कोणी, बसा. पण डोळा तिथंच.

गुरुवारी पाणी उशिरा चढलं, पाऊण वाजता. पोरं पुन्हा रांगेत बसली. एक पायरी खाली. बर्नार्डने सवयीने मोजली.

नऊ.

त्याने डोळे पुसले. गेल्या वर्षी डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, तेव्हापासून उन्हात कधीकधी एकाचे दोन दिसायचे. डावा डोळा झाकून मोजलं. नऊ. उजवा झाकून मोजलं. नऊ.

सुट्टीचे दिवस आहेत, कोणाचा तरी अर्नाळ्याचा भाचा आला असेल, म्हणून त्याने सोडून दिलं. सोडून देण्यासारखंच होतं. फक्त एक गोष्ट त्याला आवडली नाही. मोठी लाट आली की पोरं खिदळत पाय वर घ्यायची. रांगेच्या टोकाला बसलेलं ते नववं पाय वर घेत नव्हतं. लाट त्याच्या छातीवरून जायची, उतरायची, आणि ते जसंच्या तसं बसलेलं असायचं. होडीत मुरलेला खलाशी असला तरी लाट आली की अंग चोरतो. दगड चोरत नाही.

ते पाठमोरं होतं. केस काळे, पाठीला चिकटलेले.

संध्याकाळी त्याने रोझलीनला विचारलं, "आज तुमच्यात नवा कोन होता गो?"

"मित्र."

"कोनाच्या घरचा?"

"पान्यातला." तिने हे अशा आवाजात सांगितलं जसं कोणी सांगावं, समोरच्या आळीतला. "पुस्तकातल्यासारखा नाय दिसत. पन चांगला हाय. बोलत नाय. खाऊ दिला की खात नाय, मुठीत धरून ठेवतो."

"तोंड कसं हाय त्याचं?"

रोझलीनने विचार केला.

"मी बाजूला बसते ना," ती म्हणाली. "मला नाय दिसलं."

४

शुक्रवारी बर्नार्डने कोणाला विचारलं नाही. लिडिया बाजारात गेल्यावर तवा उलटा करून काजळी घेतली, माळ्यावरून पाग काढलं, डबा घेतला आणि मागच्या वाटेने खडकांत उतरला. गुडघे कुरकुरले. त्यांनाही त्याने शिवी दिली.

सव्वा वाजता पोरं पाचव्या पायरीवर होती. पाणी कमरेला. नऊ डोकी.

बावीस वर्षांत एवढ्या जोरात तो कधी ओरडला नव्हता. पाण्यातून असा वर आला की स्वतःचीच त्याला भीती वाटली असती. डबा बडवला. पहिल्यांदा पोरं नुसती बघत राहिली. कोणीतरी तर म्हणालंसुद्धा, "ये, बस..." बर्नार्डने ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही. डबा पायरीवर असा आपटला की पत्रा फाटला, आणि धाकट्या जेन्सनने भोकाड पसरलं. एकदा एक रडलं की मग पुस्तकं कामाला येत नाहीत. सगळी उठली, किंचाळत पायऱ्या चढली, आळीकडे सुटली.

बर्नार्ड धापा टाकत मागून मोजत होता. एक, दोन, तीन. लिलावाच्या शेडपाशी पाच. सात, आठ.

नऊ.

धक्का रिकामा. पाण्यात कोणी नाही. बर्नार्डच्या छातीतून असा काही आनंद गेला की त्याने दुसऱ्यांदा डबा बडवला, उगाच, स्वतःसाठी. कोण म्हणतं बाऊ बंद! एक पोर पाण्यात राहिलं नाही. सगळी आत. नऊच्या नऊ.

मग त्याला कळलं आपण काय मोजलं ते.

तो पाचव्या पायरीवर तसाच उभा राहिला. पाणी मांडीला लागत होतं. हात आपोआप खाली आले. चाळीस वर्षं त्याने एकच हिशोब केला होता: पाण्यात कोणी राहता कामा नये, सगळे घरी आले पाहिजेत. म्हणून आज सगळे घरी घातले होते. हाकून हाकून घातले होते.

५

काजळी धुवून तो आळीत आला तेव्हा शेजारची रीटा पडवीत ताटं घासत होती.

"बर्नार्डदादा, काय वो, पोरांना एवढं घाबरवायचं? सगळी माज्याकडे येऊन बसली. म्हटलं, बसलीत तर पेज प्या."

"किती होती?"

"किती म्हंजे? आपलीच. आठ." तिने पुढ्यातल्या ताटांकडे बघितलं. "ताटं नऊ कशी निघाली पन?"

"नववं बघू."

तिने ताट पुढे केलं. त्यात पेज तशीच होती, कोणी बोट लावलं नव्हतं. काठोकाठ भरलेली, वाढली त्याहून जास्त. बर्नार्डने करंगळी बुडवून जिभेला लावली. मीठ. रीटाच्या हातचं मीठ नव्हतं ते.

"जास्त झालं का?" रीटाने विचारलं.

"ओतून टाक. धक्क्यावर नको. मोरीत वत, आनि वर पानी वत."

घरी आला तर दार पुढे केलेलं. उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना काही दिसेना. कान मात्र नीट होते. आतल्या खोलीत रोझलीन गोष्ट सांगत होती.

"...मग तो म्हन्तो, माज्याकडे केक हाय."

पान उलटल्याचा आवाज. मग गप्प. एखाद्याला चित्र नीट बघू द्यावं तेवढा वेळ गप्प. मग पुन्हा तिचा आवाज, "बगितलंस? उलटू?"

उत्तर आलं नाही. पण पान उलटलं.

बर्नार्डला आठवलं, गोष्ट सांगताना ती हात हलवते. दोन्ही हात. मग पान कोणी उलटलं?

असलं काही डोक्यात आलं की तो स्वतःवरच चिडायचा. म्हातारपण आहे, ऊन आहे, सकाळपासून पोटात काही नाही. त्याने दार लोटलं.

खाटेवर रोझलीन एकटी होती. पुस्तक तिच्या मांडीवर नव्हतं, शेजारी चादरीवर उघडं पडलेलं होतं, दोघांना दिसेल असं मधोमध. आणि पलीकडची चादर ओली होती, गादीपर्यंत.

"कोन होतं?"

"तू घाबरवतोस म्हणून तो खाली गेला." तिने खाटेखाली बोट दाखवलं.

बर्नार्ड वाकला नाही. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला शिव्या देत होता, तांडेल म्हणवतोस आणि खाटेखाली बघायला वाकला नाहीस. पण तेव्हा नाही वाकला. त्याने रोझलीनला उचललं आणि ओटीवर आणून बसवलं.

"काय सांगतो तो तुला?"

"बोलत नाय, सांगितलं ना."

"मग?"

"पुस्तकात बोट ठेवतो." तिने पान उघडून दाखवलं. पाण्याखालचं घर, दिवे, केक, मासे. मुलीच्या चित्रावर बोटाएवढा ओला डाग होता, कागद फुगलेला. "मी त्याला आधी बोलावलं ना घरी. तो आला. आता मला जायला पायजे. उद्या, पानी आलं की. नाय गेलं तर त्याला वाईट वाटेल, आजा."

६

लिडिया आली आणि ओली गादी बघून भडकली.

"सहा वर्षांची मुलगी गादी ओली करते, पप्पा! तीन वर्षांची होती तेव्हापासून नाय केली. कोणामुळे?"

"वास घे. चव घे हवी तर."

"शी!" लिडियाने कपाळावर हात मारला. "मेलरॉयला येऊ दे, मी सगळं सांगणार हाय."

तिच्या बाजूने तिचं बरोबर होतं. बर्नार्डला ते कळत होतं, म्हणून तो जास्तच चिडला.

रात्री रोझलीन आईजवळ झोपली. बर्नार्ड ओटीवर बसून विचार करत राहिला. विचार करायची त्याला सवय नव्हती, पण होडीवर वारा फिरला की करावाच लागतो. उद्या पोरीला घरात कोंडू, हे पहिलं सुचलं. पण आत कोंडू ते कोणाबरोबर? ते आळीत आहे. कोणत्या घरात ते कळायचा मार्ग नाही. एकटं असलं की दिसत नाही. पोरांच्या रांगेत मात्र एक डोकं जास्त भरतं.

म्हणजे पोरं एकत्र बसवायची आणि त्याला हाकायचं. हाकायचं कुठे? पाण्यात. मग बाऊने ह्या वेळी जमिनीच्या बाजूने यायला हवं.

आणि इथं त्याचा हिशोब अडला. बाऊ घरांकडून आला तर सगळीच पोरं पाण्याकडे पळतील. नऊच्या नऊ.

बाऊला कोणी घाबरता कामा नये. एक सोडून.

बर्नार्ड अंधारात बसून मॅडमला, तिच्या पुस्तकांना आणि टोमॅटोच्या साराला मोजून शिव्या देत राहिला. कारण आता त्याला तेच हवं होतं.

७

शनिवारी दुपारी दोनला पाणी भरणार होतं. दीड वाजता मॅडमने शेडमध्ये चटई टाकली. शेडला तीन बाजूंनी भिंत, चौथी बाजू धक्क्याकडे उघडी. मॅडम समुद्राकडे पाठ करून बसली, पोरं समोर.

बर्नार्ड मागच्या दाराने आला. हातात पाग, तवा, फाटका डबा. तोंड धुतलेलं.

मॅडम उठायला लागली. "काका, प्लीज. आज नको."

"वाचायचं सोडा आनि पोरं मोजा."

"काय?"

"तुमी शिकलेल्या हाव. मोजा."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मॅडमने बोट पुढे करून मोजायला सुरुवात केली, आधी हसत, मग हसणं राहून गेलं. तिने दुसऱ्यांदा मोजलं. "आठ असतात ना हे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आठच खाऊची पाकिटं आणते."

"बसा तिथंच. उठू नका."

मग बर्नार्ड पोरांच्या मध्ये गेला आणि जमिनीवर बसला. बावीस वर्षांत त्याने, आणि त्याच्या आधी दुसऱ्या म्हाताऱ्यांनी, जे कधी केलं नव्हतं ते त्याने आज केलं. पोरांसमोर तव्याच्या बुडाला बोटं घासली आणि तोंडाला काजळी फासली.

"बघा रे. बाऊ कोन हाय बघा. हा मी. रोझलीनचा आजा. दात पन माजे नाहीत, हे बघा." त्याने कवळी काढून दाखवली. जेन्सन खो खो हसला. "रोझलीन, पाग घाल गो माज्या डोक्यावर."

रोझलीनने पाग उचललं. "आजा, तू होतास?"

"मीच. कायम मीच. आता मी वराडीन, ते खोटं. कोनी उठायचं नाय. जो उठेल त्याची मी गंमत करीन."

पोरं हसत होती, त्याच्या शेवाळाला हात लावत होती, कोणी डबा वाजवून बघत होतं. ह्यातलं एकही पोर आता त्याला कधी घाबरणार नव्हतं. त्याने डोक्यावरचं पाग सरळ केलं. मॅडमकडे बघितलं. ती पांढरी झाली होती. ती चटईच्या टोकाकडे बघत होती, जिथे कोणी हसत नव्हतं.

बर्नार्ड उभा राहिला, आणि ओरडला.

खोटं ओरडणं नव्हतं ते. होडीवर वादळात दोर सोडा म्हणून ओरडतात ते होतं. आठ पोरं हसून लोळली.

नववं उठलं. उभं राहिलं असं म्हणता येणार नाही. बसलं होतं तसंच उंच झालं. ते वळलं, आणि तोंड असायला हवं तिथेही बर्नार्डला केसच दिसले. मुठी उघडल्या. तीन दिवसांची बिस्किटं खाली पडली, अख्खी, कोरडी. मग ते मॅडमच्या शेजारून गेलं, धक्क्याकडे, आणि जिथून गेलं तिथे तिची ओढणी भिजली.

"आजा, तो घाबरला!"

रोझलीन होती. ती उठली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बस खाली!"

"तो एकटाच जातोय! त्याला वाईट वाटलं!" आणि ती पळाली.

भीतीने नाही पळाली. भीतीने पळणारं पोर मध्येच थांबतं, मागे बघतं. दया आली म्हणून पळणारं थांबत नाही. हे बर्नार्डच्या हिशोबात नव्हतं. तो मागे धावला, ह्या गुडघ्यांनी. ती दुसऱ्या पायरीवर, तो शेडच्या कडेला. ती चौथीवर. पाणी पाचव्या पायरीला लागलं होतं, आणि त्या पाण्यातून एक हात वर आलेला होता, पालथा, पोरं खेळताना एकमेकांना देतात तसा. रोझलीनने आपला हात पुढे केला.

बर्नार्डने डोक्यावरचं पाग ओढलं, खांद्यावर घेतलं, अंग फिरवलं आणि फेकलं.

दहा वर्षांत फेकलं नव्हतं. पण ते हाताला ठाऊक असतं. जाळं हवेत गोल उघडलं आणि बरोबर पोरीवर पडलं. त्याने दोरी खेचली. पलीकडूनही कोणीतरी खेचलं. थोडाच वेळ. मोठा मासा खेचतो तसं नाही. लहान पोर बाहुली सोडायला तयार नसतं, तसं.

"माजी हाय ती!" बर्नार्ड ओरडला. तोंडात कवळी नव्हती, शब्द धड निघाला नाही. "भडव्या, माजी हाय!"

दोरी सैल पडली.

८

मॅडम पुढच्या शनिवारी आली. लोकांना वाटलं येणार नाही, पण आली. तो पाण्यातला केसाळ गोळा तिने पुन्हा आणला नाही, पिशाचाचं पुस्तक मात्र आणते. पोरांना आवडतं म्हणते. चटई आता शेडमध्ये नाही, रीटाच्या पडवीत टाकते, आणि गोष्ट सुरू करायच्या आधी मोजते. त्या दिवशी काय दिसलं हे तिने कोणाला सांगितलं नाही. बर्नार्डनेही विचारलं नाही. फक्त एकदा ती म्हणाली, "काका, तुमचं बरोबर होतं," तर तो म्हणाला, "माजं बरोबर नव्हतं. मीच आत घातलं होतं त्याला. जावा, पोरं थांबलीत."

मेलरॉयने परत आल्यावर बापाशी भांडण केलं. पोरीच्या दंडावर जाळ्याचे वळ होते, दाखवायला लिडियाला तेवढं पुरलं. बर्नार्डने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या उधाणाला धक्क्यावर जाऊन बसला.

आता तो पाण्यातून येत नाही. त्याला पोरं हसतात. तो सगळ्यात वरच्या पायरीवर बसतो, आळीकडे पाठ करून, तोंड समुद्राकडे. काजळी फासतो, पाग घेतो, डबा मांडीवर. पाठीमागची डोकी मोजत नाही, ती मॅडम मोजते. तो समोरची मोजतो. पाणी चढायला लागलं की ती दिसतात, लांब, होड्यांच्या नांगरांपलीकडे, पाठमोरी. पुनवेला एक होतं. नंतरच्या अमावास्येला तीन.

"या की," बर्नार्ड म्हणतो. मोठ्याने म्हणतो, लोकांनी ऐकलं तरी त्याला पर्वा नाही. "मी हाय हितं. या."

ती येत नाहीत. जातही नाहीत.

आज पाणी भरत असताना मागे पावलं वाजली. त्याने वळून बघितलं नाही. वळायचं नाही, हा त्याचा नवा नियम. पण पावलं त्याने ओळखली. रोझलीन सव्वा महिना त्याच्याशी बोलली नव्हती. तू माझ्या मित्राला घालवलंस, हे तिचं शेवटचं वाक्य. खाटेवर चढत नव्हती, जेवायला बसली तर आईच्या पलीकडे बसायची.

"घरी जा," बर्नार्ड म्हणाला.

पावलं हलली नाहीत.

"जा म्हन्तो ना!" त्याने डबा बडवला, समुद्राकडे तोंड ठेवूनच.

मागून एक खडा आला आणि त्याच्या पाठीत बसला. नेम चांगला होता, लागलं चांगलं. मग पावलं दणदण आपटत घराकडे गेली. दार आपटल्याचा आवाज आला.

बर्नार्डने पाठ चोळली. रागावली तर रागावू दे. रागवायला ती आहे.